नुसतं भंगार कसं म्हणता?

वर कुणीतरी लिहिलंय की एस्सेलवर्ल्ड पार्क बंद झालं तर झालं, तिथले जुने रोलर कोस्टर म्हणजे शेवटी भंगारच. अजिबात नाही पटलं. १९८९ ते २०२२, गोराईला लाँचमधून उतरून राइडकडे पळत सुटणारी मुंबईची आख्खी पिढी आहे ही, आणि कोस्टरची गाडी वर चढताना ती टकटक यायची ना ती नुसत्या साखळीची नसते, गाडी मागे घसरू नये म्हणून खाली खटका असतो तो दात्यांवरून सरकतो त्याची असते. पोरांना दाखवायला एखादा डबा, रुळाचा तुकडा तरी ठेवा की! अमेरिकेत अल्टूनाला १९०२ चा लाकडी रोलर कोस्टर 'लीप द डिप्स' १९८५ ला बंद पडलेला, लोकांनी पैसे जमवून १९९९ ला परत चालू केला.