मदत हवी आहे: शर्यत हातची गेली, डोक्यातून जात नाही

बर्फपाऊल:
बायथलॉन (स्कीइंग आणि रायफल नेमबाजी) करणारं कुणी असेल तर पटकन सांगा. आजची शर्यत माझ्यामुळे वाया गेली. स्टँडिंगला, म्हणजे उभ्याने गोळ्या मारताना, घोळ झाला आणि पुढचं सगळं कोसळलं. कोच म्हणतात, विसरून जा. कसं विसरायचं ते कुणी सांगत नाही. डोळे मिटले की तेच दिसतं. उद्या संध्याकाळपर्यंत डोकं ताळ्यावर यायला हवं. "ध्यान करा, सकारात्मक राहा" लिहिणार असाल तर कृपया नको.

जुना नेमबाज:
घोळ म्हणजे काय? शर्यत कुठली, स्प्रिंट की इंडिव्हिज्युअल? प्रोनला (पालथं पडून) किती चुकले, स्टँडिंगला किती? गोळ्या एकाच बाजूला जात होत्या की विखुरल्या होत्या? वारा? झिरोइंगनंतर (शर्यतीआधी नेम जुळवल्यावर) साइटचे क्लिक बदलले होते का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार! तोवर रोज रात्री अर्धा तास रिकाम्या रायफलने ड्राय फायरिंग. पन्नास मीटरवर मी २२ वर्षं हेच केलं.

डोंगरवेडा:
भाऊ, ड्राय फायरिंगने काही होत नाही. खोलीत नाडी ६० असते, रेंजवर १७०. रेंजच्या आधीच्या दोनशे मीटरमध्ये वेग उतरवा, दोन खोल श्वास घ्या, मग मॅटवर जा. मी स्की करत नाही, अल्ट्रा पळतो. पण शरीर शेवटी शरीरच.

जुना नेमबाज:
@डोंगरवेडा, वेग उतरवला की सेकंद तिथेच गेले. नाडी चढलेली असतानाच ट्रिगर दाबायचा असतो आणि ते बोटाला शिकवावं लागतं. त्यासाठीच ड्राय फायरिंग. स्टँडिंगचं टार्गेट ११५ मिलिमीटरचं, प्रोनचं ४५. मोठं असूनही उभ्याने जास्त चुकतं, कारण साडेतीन किलोच्या वरची रायफल आणि टेकायला काही नाही. पळणाऱ्यांना काय कळणार.

मेणबत्ती:
स्की कशा चालत होत्या हे कुणीच विचारत नाही! फ्लोरो वॅक्सवर (स्कीच्या तळाला लावायचं फ्लोरिनयुक्त मेण) २०२३-२४ च्या हंगामापासून बंदी आली, तेव्हापासून ओल्या बर्फावर निम्म्या लोकांच्या स्की चिकटतात. पाय आधीच मेलेले असले की रेंजवर पोचून हात थरथरणारच. कुठलं वॅक्स होतं? बेस स्ट्रक्चर (तळावरच्या बारीक रेघा) कोणतं?

बर्फपाऊल:
वॅक्स ठीक होतं. वारा नव्हता. मी नेमबाजीबद्दल विचारलेलंच नाही!! आणि @डोंगरवेडा, भाऊ नाही, मुलगी आहे. उद्या टीम मीटिंग आहे. तिघींसमोर बसायचंय. ते कसं करू, हा प्रश्न आहे.

सांजवेळ:
तिघी? म्हणजे रिले होती? अगं, हे आधी नाही का सांगायचं! सगळे तुझ्या एकटीच्या शर्यतीचा पंचनामा करत बसलेत. कितवा लेग (टप्पा) तुझा? नेमकं झालं काय?

बर्फपाऊल:
मला वाटलं लिहिलंय. हो, रिले. तिसरा लेग, आणि मला हातात मिळाली तेव्हा आम्ही तिसऱ्या होतो. प्रोन एका स्पेअरमध्ये (जादा गोळीत) साफ झालं. स्टँडिंगला पाच टार्गेटांतले दोनच पडले. मग स्पेअर. पहिल्याने एक पडला, दुसरा वाया गेला. तिसरी गोळी बधिर बोटांतून मॅटवर पडली, मॅटवरून बर्फात. उचलली, बाहीला पुसली, भरली, मारली. वाटलं, पडला. नव्हता पडला. मी वर बघितलंच नाही, रायफल पाठीवर टाकली आणि निघाले. डोक्यात "एक लूप" एवढंच, म्हणजे न पडलेल्या एका टार्गेटमागे दंडाची एक फेरी. एक मारला आणि ट्रॅकला लागले. मारायचे होते दोन. कडेला कोच ओरडत होते. मला वाटलं, पळ म्हणतायत, म्हणून आणखी जोर लावला.

चौथीने जीव तोडला. ती चौथ्या नंबरवर पोचली, पण दंड धरून कागदावर आम्ही अकराव्या. कुणी एक शब्द बोललं नाही. बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी होती. ती मुद्दाम होती की नाही, हे चार तास ठरवतेय.

डोंगरवेडा:
कळल्यावर मागे फिरून दुसरा लूप का नाही मारलास?

जुना नेमबाज:
फिरता येत नाही. लूप शूटिंग झाल्या झाल्या मारायचे, नंतर भरपाई नाही. लूप दीडशे मीटरचा, पंचवीसेक सेकंदांचा. तो चुकवला की दोन मिनिटं दंड.
बाकी, मुली, अथेन्स ऑलिम्पिक २००४ आठव. अमेरिकेचा नेमबाज मॅट एमन्स, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन. शेवटची गोळी, तीन गुणांनी पुढे, आणि गडी शेजारच्या लेनच्या टार्गेटवर मारून मोकळा. शून्य. सुवर्णावरून थेट आठवा. बीजिंगला २००८ मध्ये पुन्हा शेवटच्याच गोळीवर फक्त ४.४ गुण, चौथा.

डोंगरवेडा:
हे ऐकून तिला बरं वाटेल? त्याचं दोनदा झालं म्हणजे!

जुना नेमबाज:
पूर्ण ऐकून घ्या. २०१२ ला लंडनमध्ये त्याच प्रकारात ब्राँझ घेतलं त्याने.

सांजवेळ:
एमन्स एकटा होता हो. इथे तिघी आहेत.
मी ४×४०० पळायचे. एकदा बॅटन पाडलं. तुझ्यासारखीच मीटिंगची वाट बघत राहिले आणि तिथे सगळ्यांसमोर हमसून रडले. मग त्या तिघीच माझी समजूत काढत बसल्या. शर्यत त्यांचीही गेली होती, वर पाणी आणून मलाच द्यायचं! बॅटनचं आता काही वाटत नाही, त्या पाण्याच्या ग्लासची अजून लाज वाटते.
मीटिंगच्या आधी चौथीकडे जा. "दोन होते, मी एक मारला," एवढंच सांग. बोटं, बर्फ, पडलेली गोळी यातलं काही नको.

तटस्थ:
असहमत. एकीकडेच गेलीस की उरलेल्या दोघींना वाटणार, आम्हाला वगळलं. मीटिंगमध्येच बोल. आणि स्टँडिंगला चुकलेल्या गोळ्यांची माफी मागू नकोस, त्या प्रत्येकीच्या चुकतात. मोजणी चुकली, तेवढ्यापुरतं बोल.

सांजवेळ:
दुसरा मुद्दा शंभर टक्के. पहिला नाही. जिने ती दोन मिनिटं पाठीवर घेऊन स्की केली, तिला हे चारचौघांत पहिल्यांदा ऐकवायचं?

मेणबत्ती:
चौथी एवढी वेगात गेली म्हणजे तिच्या स्की चांगल्या चालत होत्या. तिचं वॅक्स विचार.

बर्फपाऊल:
गेले होते आत्ता. ती वॅक्स केबिनमध्ये स्कीचे तळ घासत होती. म्हटलं, दोन होते, मी एक मारला. ती मान वर न करता म्हणाली, "माहितीये. एक्स्चेंजमध्ये, लेग बदलायच्या जागी, उभी राहून पडद्यावर बघत होते." म्हणजे मी तिला हात लावायच्या आधीच तिला माहीत होतं. तरी ती तशी पळाली. मला पुढे काही सुचेना. तिने ब्रश माझ्या हातात दिला आणि म्हणाली, दुसरी जोडी तू कर. केली. बाकी दोघींशी मीटिंगमध्ये बोलेन. सीटचं विचारलं नाही.

@जुना नेमबाज, आता तुमचं चालेल. स्टँडिंग संपल्यावर टार्गेट मोजायची सवय कशी लावायची?

जुना नेमबाज:
रायफल पाठीवर घ्यायच्या आधी, डावीकडून उजवीकडे, तोंडाने बोलून. पडून पांढरे झालेले मोजायचेच नाहीत, काळे उरलेले मोजायचे. "काळे दोन." लूपमध्ये शिरताना पुन्हा म्हणायचं, पहिला लूप संपला की "काळा एक." ड्राय फायरिंगच्या वेळीसुद्धा. रोज, अर्धा तास.

मेणबत्ती:
ब्रश नायलॉनचा होता की पितळेचा?