उत्तर: लाकडी फ्लोअरिंग आणि टाइल यांमधील सांधा
लाकडी फ्लोअरिंग आणि टाइल जिथे मिळतात, तिथला सांधा झाकणारी पट्टी नको असल्यास मधल्या फटीत टाइलचेच ग्राउट (टाइलांमधल्या फटींत भरतात ते मिश्रण) भरावे, अशी सूचना या चर्चेत आली आहे; तिच्याशी मी सहमत नाही. सिमेंटचे ग्राउट कडक होते, तर लाकूड हवेतील दमटपणानुसार फुगते आणि आकसते. त्यामुळे एक-दोन पावसाळ्यांतच ग्राउटला तडे जाऊन त्याची भुकटी निघू लागते. पट्टी टाळायचीच असेल, तर लाकडाच्या रंगाचे लवचीक सीलंट (फट बुजवणारे रबरासारखे द्रव्य) किंवा कॉर्कची पट्टी भरावी.

मात्र फट किती ठेवावी हे फळ्यांच्या दिशेवर अवलंबून असते आणि हा मुद्दा चर्चेत आलेला दिसत नाही. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, जी काही हालचाल होते ती रुंदीत होते. ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत बहुतेक लाकडे लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आकसतात, तर सागवानासारखे स्थिर मानले जाणारे लाकूडही रुंदीत सुमारे ५ टक्क्यांपर्यंत आकसू शकते. म्हणून फळ्यांची टोके टाइलला भिडत असतील तर अरुंद फट चालते. फळ्या टाइलच्या कडेला समांतर असतील, तर सगळ्या फळ्यांची हालचाल साठत जाऊन त्या कडेवर येते आणि तिथे ८ ते १० मिलिमीटर फट ठेवून वर टी-आकाराची पट्टी बसवणेच योग्य. ही पट्टी खालच्या कोब्याला पक्की करावी, लाकडाला नव्हे. प्लायच्या थरांचे इंजिनिअर्ड लाकूड बरेच कमी हलते, पण तरंगत्या पद्धतीने, म्हणजे खालच्या कोब्याला न चिकटवता किंवा न ठोकता, बसवले असल्यास त्यालाही फट लागतेच.