काकांच्या ट्रंकेत बेसबॉलची कार्डं सापडलीत, किंमत काय येईल?

देवगडी_हापूस:
मंडळी जरा मदत हवीय. माझे काका बोटीवर फिटर होते, ८७ साली त्यांची बोट बाल्टिमोरला दुरुस्तीसाठी महिनाभर अडकून पडलेली तेव्हा तिकडून बेसबॉल कार्डांची पाकिटं आणलेली. आतलं च्युइंगगम आम्ही पोरांनी संपवलं आणि कार्डं गेली माळ्यावर. आता कौलं बदलताना ट्रंक खाली काढली तर दोनेकशे निघाली, टॉप्स कंपनीची, बॉर्डर लाकडाच्या फळीसारखी. मला बेब रूथ सोडून काय कळत नाही. टिम रेन्स, एडी मरे, लू व्हिटेकर, बर्ट ब्लायलेव्हन अशी नावं आहेत. नेटवर एका कार्डाला १ कोटी २६ लाख डॉलर मिळाल्याचं वाचलं तेव्हापासून आमची वहिनी कुणाला ट्रंकेजवळ चहा पिऊ देत नाही. खरं सांगा, काय आहे का यात?

खाडीपलीकडचा:
वहिनींना सांगा निवांत पिऊदे चहा. ते कार्ड १९५२ च्या टॉप्सचं, मिकी मॅन्टलचं, २०२२ मध्ये विकलं गेलं. त्या सेटची शेवटची मालिका खपली नाही म्हणून पुढे कंपनीच्याच साय बर्गरने उरलेली खोकीच्या खोकी बोटीतून नेऊन समुद्रात बुडवली, असं तो स्वतः सांगायचा. म्हणून कमी उरली. तुमची ८७ ची उलट, तेव्हा नुसती छापत सुटलेले आणि लोकांनी म्हातारपणाची सोय म्हणून कपाटात जपून ठेवली, आता सगळ्यांकडेच आहेत. बांगड्याची रास पडल्यावर भाव कोण देतो? बॅरी बॉन्ड्स असेल तर बाजूला काढा, पण तेपण ग्रेडिंगला, म्हणजे कार्डाच्या अवस्थेच्या तपासणीत, दहापैकी दहा आलं तरच. आपल्या हवेत पापड कुरकुरीत राहत नाही, कार्ड कुठलं राहणार.

लेगबाय_गुहागर:
भाव गेला खड्ड्यात, नावं काय सांगितलीत कळतंय का तुम्हाला?? टिम रेन्सने ८०८ बेस चोरलेत, म्हणजे फटका नसताना पळून पुढचा बेस गाठलाय. पण नशीब बघा, त्याच काळात रिकी हेंडरसन १४०६ घेऊन बसलेला, मग याच्याकडे बघणार कोण. आपल्या पद्माकर शिवलकरांचं बेदींमुळे झालं ना तसं, ५८९ फर्स्ट क्लास विकेट आणि टेस्ट एकपण नाही. रेन्सला निदान २०१७ ला, मतदानाच्या दहाव्या म्हणजे शेवटच्या वर्षी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या दालनात, घेतला. पिचर ब्लायलेव्हन ३७०१ स्ट्राइकआउट काढून, म्हणजे तेवढे बॅटर तीन स्ट्राइकवर बाद करून, चौदाव्या वर्षी आत गेला. व्हिटेकरचं तर बोलूच नका, डेट्रॉइटसाठी १९ सीझन सेकंड बेसला उभा, २३६९ हिट, आणि २००१ च्या मतदानात ५ टक्केपण मिळाले नाहीत म्हणून पहिल्याच वर्षी यादीतून बाद. शेजारी शॉर्टस्टॉपला असायचा तो ट्रॅमेल आत आहे, हा अजून बाहेर. आणि मरे, ५०४ होमरन, ३२५५ हिट, एमव्हीपी म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब एकदापण नाही, तो तेव्हा बाल्टिमोरलाच खेळायचा की! काकांनी बघितला का विचारा ना

देवगडी_हापूस:
विचारलं. म्हणे तिकिटाला पैसे कुणाकडे, बोटीवर रेडिओ लागायचा आणि त्यात लोक एडी एडी ओरडायचे तेवढं आठवतंय. मला वाटलेलं एडी म्हणजे त्यांचा कोण कॅप्टन.

चिपळूणची_मावशी:
मरेचं कार्ड काकांनाच फ्रेम करून दे रे बाबा. बाकी लॅमिनेशन अजिबात करू नको, आमच्या भावाने हौसेने केलं आणि सगळी वाया घालवली. साधी प्लास्टिकची पाकिटं घे, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक, पावसाळ्यात महिन्याला बदल. आणि रबरबँड असेल तर आधी काढ. त्या ५२ च्या सेटमध्ये १ नंबरचा अँडी पाफको आणि ४०७ नंबरचा एडी मॅथ्यूज, गठ्ठ्यात एक सगळ्यात वर एक सगळ्यात खाली, पोरं रबरबँड लावायची त्यात हीच दोन चेपायची म्हणून चांगल्या अवस्थेतली दोन्ही महाग. मॅथ्यूज तसा मोठाच, ५१२ होमरन, पण पाफकोला भाव कशाने तर रबरबँडने!

देवगडी_हापूस:
मावशी उशीर झाला. रबरबँड वितळून वरच्या कार्डाला डिंकासारखा बसलाय. वर कोण होता सांगू? व्हिटेकर.

लेगबाय_गुहागर:
अरे देवा. तिथेपण हाच