धावताना मनगटावरचा बँड भलताच हार्ट रेट दाखवतो, काय करावं?

नमस्कार मंडळी. मी धुळ्याचा, वय ४२. पहाटे नकाणे तलावाच्या बाजूला पळायला जातो. बोलत बोलत पळता येईल एवढाच वेग ठेवतो. २२० वजा वय या ढोबळ हिशेबाने कमाल १७८ येते, म्हणून १३०च्या आत राहायचं ठरवलंय.

पण जरा पुढे गेलो की बँड १६५-१७०वर जाऊन तिथेच चिकटतो. सोबतच्याशी कापसाच्या भावावरून वाद घालतोय आणि बँड म्हणतो, ‘कमाल तीव्रता’! थांबल्याथांबल्या मानेजवळ नाडी मोजली: १५ सेकंदांत ३२, म्हणजे १२८. थंडीत तर सुरुवातीला कधी ८०, कधी नुसत्या रेघा. लळिंगचा किल्ला चढताना मात्र आकडा नाडीशी जुळतो.

छातीचा पट्टा घ्या असं सगळे सांगतात. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर असतो, त्यात छातीला पट्टा आवळायची इच्छा नाही. दुसरा काही मार्ग?

प्रतिसाद, मेहरूणचा पळपुट्या:
भाऊ, तुमचा बँड ठोके नाही, पावलं मोजतोय! पळताना मिनिटाला साधारण १६०-१७० पावलं पडतात. बँडचा हिरवा उजेड कातडीखालचं रक्त शोषतं, आणि परत येणाऱ्या उजेडातल्या चढउतारावरून तो ठोके ओळखतो. हाताच्या हिसक्यानेही तसाच चढउतार होतो, तिथे तो फसतो. किल्ला चढताना हात तालात हलत नाहीत, म्हणून आकडा बरा येतो.

खात्री करायची तर वेग तोच ठेवून मिनिटभर आखूड, भरभर पावलं टाका. आकडा पावलांमागे गेला तर समजून घ्या.

बँड मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या बाजूला सरकवा. पळताना एक भोक घट्ट, नंतर सैल. मागची काच पुसत जा, घाम-तेल साचतं. ‘धावणे’ मोड लावूनच निघा, एरवी बरेच बँड मधेमधेच मोजतात. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून घरातच जिना वर-खाली करून अंग तापवा आणि बाही बँडवर ओढून घ्या.

प्रतिसाद, सायकलवाला भुसावळ:
एवढं करूनही नाही जमलं तर दंडावरचा पट्टा बघा. तोही उजेडावरच चालतो, पण दंड मनगटाइतका हलत नाही. फोनच्या ॲपला ब्लूटूथने जोडता येतो. तुमचा बँड बाहेरचा सेन्सर घेतो का ते आधी तपासा, स्वस्तातले बहुतेक घेत नाहीत. अचूकपणात छातीचा पट्टाच पुढे, कारण तो हृदयाचे विद्युत संकेत पकडतो. त्याचे पॅड ओले करून लावावे लागतात, मे महिन्यात धुळ्यात तेवढा खर्च वाचेल!

धागाकर्ता:
आखूड पावलांनी पाहिलं, आकडा थेट १८२. दोन बोटं वर सरकवून घट्ट केल्यावर १३५च्या आसपास येतो, पण उतारावर पुन्हा १७०. आता दंडाच्या पट्ट्याचंच बघतो. तो पूर्ण बाहीच्या टी-शर्टाखाली नीट चालतो का? वापरणाऱ्यांनी सांगा.