प्रयोगशाळा नसेल तर...

शाळेत प्रयोगशाळाच नाही, प्रयोग कसे घ्यायचे, असं एका सरांनी विचारलंय. सर, टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची साइट उघडा. मराठी व्हिडिओही आहेत, सगळं फुकट. सुरुवात विजेच्या छोट्या मोटरपासून करा: एक सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि इनॅमलचा (वीज जाऊ न देणारा) थर असलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. मात्र तारेच्या टोकांवरचं इनॅमल तीनच बाजूंनी खरवडा, चौथी तशीच ठेवा. सगळं खरवडलंत तर वेटोळं नुसतं थरथरतं, फिरत नाही. ते का, यावर अख्खा तास जातो (जाऊ द्या!). पुण्याजवळ असाल तर आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतली दुसऱ्या शनिवारची शाळकरी मुलांसाठीची व्याख्यानंही बघा.