मसाई पठारावरनं कुंभारवाडीचा उतार नवीन माणसानं कसा उतरायचा?

कळंबाकाठ:
नमस्कार मंडळी. आत्तापर्यंत माझं सायकलिंग म्हणजे रंकाळा, कळंबा, लय झालं तर जोतिबा, सगळं डांबरीच. आता हार्डटेल एमटीबी घेतलीय, म्हणजे फक्त पुढं सस्पेन्शन असलेली डोंगरातली सायकल, २७.५ इंची चाकांची, पुढं १०० एमएमचा फोर्क (धक्के झेलणारा दांडा), मेकॅनिकल म्हणजे तारेवर चालणारे डिस्क ब्रेक. रविवारी दोस्ताबरोबर पन्हाळ्याजवळचं मसाई पठार केलं, तो बरीच वर्षं डोंगरात चालवतोय. पहाटे निघून केर्ली, वाघबीळ, पन्हाळा, तिथं झुणका भाकर आणि दही खाल्लं आणि मग म्हाळुंग्याकडनं पठारावर. चढ जमला, दम लागला पण जमला. पठारावर तर नुसता वारा आणि लांबच लांब सपाट, चालवतच राहावं असं वाटत होतं.

खरा विषय पुढं सुरू झाला. कुंभारवाडीच्या बाजूला उतरताना जांभ्याची सुटी खडी, मधनंच पावसाच्या पाण्यानं पाडलेली चर, आणि काही ठिकाणी दगडाचे पायरीसारखे टप्पे. मागचा ब्रेक दाबला की मागचं चाक सरकत बाजूला जातंय, आणि पुढचा दाबला तर डोक्यावरनं पलटी होईन ही भीती मनात, त्यामुळं बऱ्याच ठिकाणी उतरून हातात धरून नेली. दोस्त प्रत्येक वळणावर थांबून चाक कुठनं न्यायचं ते दाखवत होता, एकदाही चल चल म्हणला नाही. खाली आलो तेव्हा दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालेलं. पडलो नाही, पण परत जायचंय आणि ह्या वेळी हातात न धरता चालवतच उतरायचंय. पुढचा ब्रेक वापरायचा का नाही, टायरमध्ये हवा किती ठेवायची, आणि बोटं बधिर का होतात एवढं कुणीतरी नीट सांगा.

वाघबीळ_क्लाइंबर:
भावा त्या उताराला फुल सस्पेन्शनच (पुढं मागं दोन्हीकडं) पाहिजे, हार्डटेलवर हाडं खिळखिळी होतात. बजेट असंल तर सरळ बदलून टाक.

चेन_आणि_ग्रीस:
सायकल बदलायची काही गरज नाही, आधी आहे ती नीट लावून घे. मी स्वतः हार्डटेलवरच शिकले आणि अजून तीच चालवते.

पहिलं म्हणजे पुढचा ब्रेक. उतारावर ब्रेक लावला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं, म्हणून मागचा एकटा दाबला की ते लॉक होऊन घसरणारच. थांबवायची ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. माणूस पलटी होतो ते तो एकदम खच्चून दाबल्यामुळं, किंवा चाक वळलेलं असताना दाबल्यामुळं. त्यामुळं वेग वळणाच्या आधी, चाक सरळ असताना कमी करायचा, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत, आणि वळणात सोडून द्यायचे. सुट्या खडीवर तर जास्तच हळुवार. हे डोंगरात शिकू नको, घराजवळच्या मैदानात मातीवर हळू वेगात पुढचा ब्रेक दाबून बघ, कुठपर्यंत धरतो ते बोटाला कळायला लागतं आणि भीती आपोआप कमी होते.

दुसरं, सीट. चढ संपला की सीट चांगली चार बोटं खाली घे. उतरताना सीटवर बसायचंच नाही, दोन्ही पायडल एका लेव्हलला, टाचा खाली, गुडघे कोपरं वाकलेली, छाती हँडलच्या जवळ. बरेच जण सांगतात पार मागं सरक, सीटच्याही मागं, ते सरसकट करू नको, कारण मग पुढच्या चाकावर वजनच राहत नाही आणि हँडल फिरवलं तरी ते चाक ऐकत नाही. वजन पायावर पाहिजे. टप्पा आला तेवढ्यापुरतं मागं जायचं आणि परत मध्ये यायचं.

हवेचं म्हणशील तर दुकानात बहुतेकदा टणक भरून देतात. तुझं वजन ७० किलोच्या आसपास असेल, टायर २.२ चा आणि आत ट्यूब असेल तर ३० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास चालू कर. टायरवर किमान किती लिहिलंय ते बघ, त्याच्या खाली जाऊ नको. फार कमी केलीस तर दगडावर आपटून ट्यूब रिमला चिमटते आणि दोन भोकांचा पंक्चर होतो, म्हणून स्पेअर ट्यूब आणि पंप पाहिजेच, तिकडं वाटेत दुकान नाही.

बोटं बधिर होतात ती तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूनं जाणारी नस दाबल्यामुळं. घाबरून घट्ट धरलं आणि सगळं वजन हातावर टाकलं की हे होतंच. ब्रेकचे लिव्हर असे फिरवून घे की मनगट न वाकता बोटं त्यावर पोचतील. मेकॅनिकल आहेत तर दोन बोटं लिव्हरवर, बाकीची ग्रिपवर. आराम केल्यावरही बधिरपणा राहिला तर मात्र डॉक्टरांना दाखव.

जांभाधूळ:
ताईंनी सगळं सांगितलंय, मी फक्त जागेबद्दल बोलतो. पावसात तो उतार नवीन माणसानं करूच नये, जांभ्यावर शेवाळ धरतंय आणि वर धुकं असलं तर दहा पावलांवरचं दिसत नाही. आणि पाऊस संपताना पठारावर फुलं येतात तेव्हा मळलेली वाट सोडून अजिबात चालवू नका, कातळावरच्या बोटभर मातीत ती झाडं जगतात, एकदा चाकाची चाकोरी पडली की पुढच्या पावसात पाणी तिथनंच वाहतंय. कुंभारवाडीच्या आधी गुरं आणि माणसं वाटेत असतात, तिथं घंटी वाजवून हळू जा. पावनखिंडीच्या पदभ्रमंतीचे लोक जुलैत ह्याच वाटेनं जातात, त्या दिवसांत तर सायकल नेऊच नका.

हातात धरून नेलीस ते बरोबर केलंस. चांगले चांगले चालवणारे पण आधी टप्पा चालत जाऊन बघतात. आणि दोस्त सोडू नको भावा, वळणावर थांबणारा माणूस मिळणं अवघड असतंय.

कळंबाकाठ:
ताई, खूप आभार. पंपाला गेज आहे, आत्ताच बघितलं, हवा ५५ होती! ३२ वर आणली. लिव्हर पण पार आडवे होते, खाली फिरवले. दोस्ताला हे सगळं वाचून दाखवलं, तो म्हणाला पुढच्या वेळी त्या उतारातला वरचा सोपा तुकडाच परत परत करू, खाली जायची घाई नको. गुडघ्याचे पॅड आत्ताच घ्यावेत का थांबू?

चेन_आणि_ग्रीस:
आत्ताच घे. जांभ्यावर गुडघा घासला की कातडी राहत नाही. पूर्ण बोटांचे ग्लोव्हज पण घे, आणि फोर्कला लॉकआउट (सस्पेन्शन बंद करायची कळ) असेल तर उताराआधी तो उघडा करायला विसरू नको, चढावर बंद केलेला बऱ्याच जणांचा तसाच राहतो.