रिसेप्शनमधली पाटी आणि ३१ मार्चचा लॉट

गो_नोगो (धागाकर्ता)

मंडळी, भोसरी-चाकण पट्ट्यात क्वालिटी खात्यात मला २२ वर्षं झाली. बरेच दिवस मनात घोळत असलेली एक गोष्ट आज मांडतो.

आधीच्या कंपनीत (नाव देत नाही) रिसेप्शनला पितळी पाटी होती: सचोटी, गुणवत्ता, आदर, सुरक्षितता. दर सोमवारी सकाळच्या मीटिंगला आम्ही सगळे ती एका सुरात म्हणायचो. एका वर्षी ३१ मार्चला संध्याकाळी एका लॉटच्या बोअरमध्ये (नगातल्या भोकात) नो-गो गेज, म्हणजे जे आत जाताच कामा नये ते माप, आत जायला लागला. म्हणजे बोअर मोठं, नग नापास. ८०० नगांपैकी नेमके किती वाईट, हे कळायला एकेक नग तपासायला हवा होता, म्हणजे अख्खी रात्र. गाडी गेटवर उभी, वर्षअखेरचं बिलिंग अडलेलं. मी 'पाठवू नका' असा लाल टॅग लावला. साडेसातला डायरेक्टर साहेब स्वतः खाली आले. ओरडले नाहीत, एक वावगा शब्द काढला नाही. टॅग सोडवला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "पाठवून द्या. पुढचं मी बघतो."

माझ्या शेजारी डिप्लोमा झालेला एक ट्रेनी पोरगा उभा होता. लागून तीन महिने झाले होते. त्या लॉटमधले १४० नग ग्राहकाकडून परत आले, बदली नग देऊन ते मिटलं. पण जूनमध्ये त्याच पोराला मी टेबलावर बसून रीडिंग भरताना पकडलं. गेज पेटीत, पेटीचं झाकण लावलेलं, आणि हा दर तासाची रीडिंगं एका दमात लिहितोय. मी भडकलो. तो मान खाली घालून म्हणाला, "सर, जायचं ते जातंच ना."

सोमवारच्या कितीतरी मीटिंगा त्यानं ऐकल्या होत्या. शिकला तो टॅग खिशात जाताना. म्हणून माझं मत असं की नुकसान समोर दिसत असताना वरचा माणूस जे करतो, तेवढीच त्या कंपनीची मूल्यं.

उलट उदाहरणही आहे. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं, ७ माणसं गेली. बाटल्या कारखान्यातून चांगल्या निघाल्या होत्या, विष नंतर मिसळलं गेलं. तरी जॉन्सन अँड जॉन्सनचे प्रमुख जेम्स बर्क यांनी देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. खर्च १० कोटी डॉलरच्या वर. त्यांच्याकडे १९४३ पासून 'क्रेडो', म्हणजे कंपनीचं तत्त्वपत्रक, लिहिलेलं होतं: आधी रुग्ण आणि डॉक्टर, भागधारक सर्वांत शेवटी. याच बर्क यांनी त्याआधी काही वर्षं वरिष्ठांना समोर बसवून विचारलं होतं, की हे पाळायचं नसेल तर भिंतीवरून काढून टाकूया का? असा प्रश्न विचारणारा साहेब मी २२ वर्षांत पाहिला नाही.

तुम्हाला काय वाटतं? पटलं नसेल तर जरूर लिहा.

हिशेबनीस

मुळीच पटलं नाही, आणि कारण गंभीर आहे. मी ऑडिटमध्ये आहे. "वरचा माणूस कसा वागतो ते पाहा" हा सल्ला गुंतवणूकदारांना फार महागात पडलेला आहे.

सत्यम ही आयटी कंपनी आठवा. नावातच सत्य. तिचे संस्थापक रामलिंग राजू यांची प्रतिमा काय होती? साधं बोलणं, गावांसाठी काम. २००५ मध्ये हैदराबादला १०८ रुग्णवाहिका सेवा त्यांनीच उभी केली आणि त्या सेवेनं खरोखर जीव वाचवले. २००८ मध्ये कंपनीला उत्तम कारभाराचा गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला. आणि ७ जानेवारी २००९ च्या पत्रात त्यांनीच कबूल केलं की ताळेबंदातली ५,००० कोटींहून अधिक रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. कर्मचाऱ्यांना मूल्यं जगणारा नेताच दिसत होता की!

माणसाचं वागणं दिसतं, हेतू दिसत नाही. बँकेकडून शिल्लक स्वतंत्रपणे ताडून घेणं, सही करणारा आणि पैसे सोडणारा वेगळा ठेवणं, टॅग काढायचा अधिकार डायरेक्टरलाही नसणं, याला मी मूल्य म्हणतो. तुमच्या गोष्टीत दोष साहेबांच्या चारित्र्याचा कमी आणि तो टॅग हातानं सुटत होता याचा जास्त.

गो_नोगो

टॅग हातानं सुटायला नको होता, मान्य. पण पद्धत लिहून ठेवली की काम झालं, हे मात्र नाही. एन्रॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी आपल्याला नवीन नाही, गुहागर तालुक्यातला दाभोळचा प्रकल्प त्यांचाच. त्यांची छापील मूल्यं होती आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता. आचारसंहिता ६४ पानांची. हितसंबंधांची आडकाठीही तिच्यात होती. १९९९ मध्ये वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो यांना कंपनीशीच व्यवहार करणाऱ्या स्वतःच्या भागीदारी संस्था चालवायच्या होत्या, तर संचालक मंडळानं रीतसर ठराव करून त्यांना त्यातून सूट दिली. डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरी. नियम होता, ऑडिटर होते, समिती होती. तुमच्या पद्धतीला शेवटी कुणीतरी "नाही" म्हणणारा लागतोच. तो कुठून आणायचा?

हिशेबनीस

तो "नाही" म्हणणारा स्वतंत्र हवा, वरच्याच्या मर्जीवर नसलेला. मी तेच सांगतोय.

आणि बर्क यांचं उदाहरण अर्ध्यावर सोडू नका. ते १९८९ मध्ये निवृत्त झाले. त्याच क्रेडोच्या कंपनीला २०१० मध्ये कृत्रिम खुबे जगभरातून परत मागवावे लागले. भारतातल्या रुग्णांच्या भरपाईचा प्रश्न पुढे कित्येक वर्षं रेंगाळला. ज्यांच्या शरीरात ते सांधे होते, त्यांना बर्क यांच्या थोरवीचा काय उपयोग? माणूस गेल्यावर मूल्य जात असेल, तर ते संस्थेचं कधी झालंच नव्हतं.

अंबडवाला

नाशिकला अंबडमध्ये माझं छोटं वर्कशॉप आहे, ३४ माणसं. धाग्यातल्या त्या डायरेक्टरच्या जागी मी उभा राहिलोय, म्हणून लिहितो.

७ तारखेला पगार करायचा असतो. मोठ्या ग्राहकाचं बिल ९० दिवसांचं म्हणून १३० दिवसांनी येतं. २००६ च्या एमएसएमई (लघुउद्योगांच्या) कायद्यात ४५ दिवसांची मर्यादा आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. पण ज्याच्या ऑर्डरवर दुकान चालतं त्याच्यावर तक्रार कोण करणार? आता वेळेत न दिलेल्या पैशांची त्या वर्षी आयकरात वजावट मिळत नाही, असं कलम आलं. तेव्हा एका ग्राहकाच्या खरेदी खात्यातून मला फोन आला: उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून असलेली) रद्द करता का? त्यांच्या वेबसाइटवर "पुरवठादार आमचे भागीदार" असं पहिल्याच पानावर आहे.

बर्क यांच्यामागे केवढी मोठी कंपनी होती. माझ्यामागे ओव्हरड्राफ्ट आहे आणि त्याला घर तारण आहे. दोन वर्षांपूर्वी मी काठावरचा एक लॉट पाठवला. त्या रात्री झोप लागली नाही, पण ७ तारखेला पगार झाला. चौतीस घरांत चूल पेटणं हेही मूल्यच आहे ना? दोन मूल्यं एकमेकांसमोर उभी राहिली की काय करायचं, हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं.

एचआरवाली

मी हिंजवडीत मनुष्यबळ विभागात आहे. मूल्यांच्या कार्यशाळा मीच घेते, रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर लावून. त्यात लोक मनापासून लिहितात, हेही खरं. पण एप्रिलमध्ये बढत्यांची यादी लागली की सगळे तीच वाचतात.

एका ठिकाणी सगळ्यात जास्त धंदा आणणाऱ्या एका मॅनेजरविरुद्ध अंतर्गत समितीकडे लैंगिक छळाची तक्रार आली. २०१३ च्या कायद्याप्रमाणे समितीनं ९० दिवसांच्या आत चौकशी पुरी केली, तक्रार खरी ठरली. हिशेबनीस म्हणतात तशी पद्धत अगदी चोख चालली. शिक्षा म्हणून त्याची बदली झाली आणि पुढच्या वर्षी त्याला बढती. तक्रार करणारी मुलगी राजीनामा द्यायला आली तेव्हा तिनं लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र एकेक करून माझ्या टेबलावर ठेवलं, पावती घेतली आणि गेली. काही बोलली नाही. त्यानंतर दोन वर्षं त्या ऑफिसातून एकही तक्रार आली नाही आणि वार्षिक अहवालात आम्ही "शून्य तक्रारी" असं लिहिलं.

याउलट मॅकडोनाल्ड्सनं २०१९ मध्ये आपल्या मुख्याधिकाऱ्यालाच काढलं. संबंध संमतीचे होते, पण कंपनीचा नियम मोडला होता. नंतर त्यानं आणखी गोष्टी लपवल्याचं उघड झालं, तेव्हा कंपनी कोर्टात गेली आणि २०२१ मध्ये १० कोटी डॉलरहून जास्त परत घेतले. नियम वरच्यालाही लागतो, हे खालच्यांना एकदा तरी डोळ्यांनी दिसावं लागतं. मी गो_नोगो यांच्या बाजूची आहे.

तिसरी_पाळी

मी मशीनवर असतो. तुम्ही सगळे साहेब चांगला की वाईट यावर बोलताय. मला हा विषयच साहेब लोकांचा वाटतो.

आमचे प्लँट हेड कँटीनमध्ये आमच्याबरोबर रांगेत उभे राहून जेवतात. खरंच जेवतात, देखावा नाही. चांगला माणूस आहे. पण त्याच कँटीनमध्ये कंत्राटी पोरांचं कूपन वेगळ्या रंगाचं आहे, त्यावर गोड मिळत नाही. त्याच मशीनवर, तीच पाळी, पगार निम्म्याच्या आसपास. दिवाळीला आम्हाला मिठाईचा बॉक्स, त्यांना कंत्राटदार बघेल. "आदर" ही पाटी आमच्याकडेही आहे. साहेब रांगेत उभे राहिले म्हणून कूपनचा रंग बदलला नाही, उलट त्यांच्या साधेपणामुळे तोंड उघडायलाच संकोच वाटतो. त्यापेक्षा साहेबांनी केबिनमध्ये जेवावं आणि सगळ्यांना एकच कूपन द्यावं.

आणि गो_नोगो, एक विचारतो, राग मानू नका. लॉट गेला तेव्हा इन्स्पेक्शन रिपोर्टवर सही कुणाची होती?

आंबेगावकर

थोडं वेगळं. माझे वडील मुंबईत डबे पोचवायचे, पुढे गटाचे मुकादम झाले. मुकादम झाले म्हणून डबे सुटले नाहीत. कुणी आजारी पडलं, गावाला यात्रेला गेलं, की त्याची लाइन वडील स्वतः करायचे. टोपी घातली नाही तर दंड, तो एकदा दादर स्टेशनवर वडिलांनीच भरला, स्वतःची टोपी गाडीच्या गर्दीत पडली म्हणून. पावती घरी देवाच्या फळीवर बरीच वर्षं होती. तिथं मालक नाही, सगळे भागीदार, त्यामुळे कंपनीशी तुलना होईल का ठाऊक नाही. पण हिशेबनीस, नियम आणि माणूस वेगळे काढायचे कसे, हे मला समजत नाही. पावती नियमाची होती, भरली वडिलांनी.

गो_नोगो

तिसरी_पाळी, राग कसला. सही माझीच होती. पहिल्या पोस्टमध्ये मी ते लिहिलं नाही, लिहायला हवं होतं. साहेब "पुढचं मी बघतो" म्हणाले, पण रिपोर्ट साहेब भरत नसतात. मी नेहमीच्या पेनानं सही केली. तो पोरगा तेव्हाही शेजारीच होता. इतकी वर्षं मी डायरेक्टरला दोष दिला. पण त्या पोरानं साहेबांना तोवर दोनदाच पाहिलं असेल. त्याचा वरचा माणूस मी होतो.

कूपनचंही तुमचं बरोबर आहे. वागणं म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे लॉट होता, कूपन नव्हतं. एका ताटात जेवण्यापेक्षा ताटातलं सारखं असणं मोठं.

अंबडवाला, तुमच्यासारख्याला उपदेश करायची माझी लायकी नाही. कामाचं सांगतो. काठावरचा लॉट असेल तर गाडी निघायच्या आधी ग्राहकाच्या क्वालिटीला फोन करा. रीडिंग लपवू नका, आहे तशी पाठवा आणि डेव्हिएशन, म्हणजे मापाबाहेरचा माल घेण्याची सूट, मागा. वापरता येण्यासारखा असेल तर तेवढ्या नगांपुरती लेखी परवानगी मिळू शकते. खोक्यांवर ठळक चिठ्ठी लावा. आणि हा फोन तुमच्या माणसांसमोर करा, केबिनचं दार लावून नको.

हिशेबनीस

लेखी डेव्हिएशनला माझा पूर्ण पाठिंबा, कारण ती पद्धत आहे. माणसांसमोर फोन करण्यानं काय साधणार, ते अजून पटलेलं नाही. आणि ग्राहकानं नाही म्हटलं, त्याची लाइन थांबली म्हणून डेबिट नोट (नुकसानीची वसुली) आली, तर भरणार कोण? तेही आधीच ठरवून लिहून ठेवा, नाहीतर तो बोजा फिरून ऑपरेटरच्या बोनसवर येतो. मी अनेक ताळेबंदांत हे पाहिलंय.

अंबडवाला

सध्या २६० नग रॅकवर बाजूला ठेवलेत, बोअर मापापेक्षा सात मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) मोठं. या आठवड्यात पाठवायचेच असं ठरवून टाकलं होतं. सोमवारी पहिल्या पाळीला, शॉपमध्ये उभा राहूनच फोन करतो. डेबिट नोट आली तर माझ्या काढायच्या रकमेतून, हे आज बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, किती येईल? आकडा सांगितला. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, स्वयंपाकघराचं काम पुढच्या वर्षी करू.